सदतीस वॅटची भाऊबीज

शालिग्रामने आयुष्यात एकाही भांड्यावर चुकीचं नाव टाकलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो कोणी विचारली नाही तरी सांगायचा. सुरतेत लिंबायतच्या बाजारात एका भांडेवाल्याच्या पायरीवर त्याची बैठक होती. खाली गोणपाट, हातात नाव टाकायचं विजेचं मशीन, आणि दिवसभर कर्रकर्र. लग्नसराई आली की खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेत आलेली सगळी मंडळी याच पायरीशी उभी. पातेली, पराती, कळश्या, डबे. 'चि. सौ. कां. सुमन हिस मामांकडून.' शालिग्राम आधी नाव विचारायचा, मग स्वतः मोठ्याने म्हणून दाखवायचा, मग पाटीवर लिहून दाखवायचा आणि त्यानंतरच मशीन टेकवायचा. गिऱ्हाईक वैतागायचं. याच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

एकदा एक गृहस्थ जुनी परात घेऊन आले. वरचं नाव घासून काढा आणि भाचीचं टाका, म्हणाले. शालिग्रामने परात त्यांच्या हातात परत दिली. "एकदा टाकलेल्या अक्षरावर मी दुसरं अक्षर टाकत नाही," असं म्हणाला. गृहस्थ शिव्या देत गेले. शालिग्राम मात्र पुढे महिनाभर स्वतःवर खूश होता आणि बायकोला, रंजनाला, तो किस्सा त्याने इतक्या वेळा ऐकवला की शेवटी ती त्याचं शेवटचं वाक्य त्याच्या आधी म्हणू लागली.

तर असा हा माणूस. म्हणूनच छगनभाई त्याला शोधत आले.

प्लेगच्या धास्तीने सुरत रिकामी झाली होती, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. छगनभाईंनी उधन्याला पत्र्याच्या शेडमध्ये सोलरच्या दिव्यांचं काम काढलं होतं. काचेखाली निळ्या चकत्या जोडायच्या, भोवती अॅल्युमिनियमची चौकट बसवायची, की झाली सोलरची प्लेट. ती छपरावर ठेवायची, खाली बॅटरी, बॅटरीवर ट्यूबलाइट. जिथे विजेचे खांब पोचले नव्हते तिथे हा माल जायचा. प्लेट किती वॅटची, हे मागे कागदावर छापून चिकटवलेलं असे, पण उन्हापावसात कागद दोन महिन्यांत पांढराफटक व्हायचा. छगनभाईंना अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कोरलेला आकडा हवा होता, आणि कोरणारा चोख हवा होता.

सुरुवातीचे महिने शालिग्रामला त्या शेडमध्ये देवळात गेल्यासारखं वाटे. दुपारी बारा वाजता सुकदेव नावाचा, त्याच्याच अमळनेरकडचा, एक हडकुळा माणूस प्लेटी उन्हात मांडायचा. स्वतःचं मीटर होतं त्याचं, ते तो कोणाला हात लावू देत नसे. वायरी लावायच्या, काटा बघायचा, गुणाकार करायचा आणि प्लेटच्या मागे खडूने आकडा लिहायचा. सदतीस. छत्तीस. चौतीस. मग शालिग्राम तो आकडा म्हणून दाखवायचा, सुकदेव मान डोलवायचा आणि मशीन सुरू व्हायचं. चौतीसला चौतीस. एकतीस निघाली तर एकतीस, आणि ती वेगळ्या गठ्ठ्यात. दोघांची जोडी छान जमली होती. डबा एकत्र खायचे.

मग पावसाळ्यानंतर एक मोठी मागणी आली आणि छगनभाईंनी कुठून तरी कानेकोपरे तुटलेल्या चकत्यांची खोकी आणली. दिवाळीच्या आधी सगळा माल जायला हवा होता. एका सकाळी त्यांनी शालिग्रामपुढे कोऱ्या पट्ट्यांची थप्पी ठेवली आणि म्हणाले, सगळ्यांवर सदतीस टाकून ठेवा.

"पण मीटर?" शालिग्रामने विचारलं.

छगनभाई हसले. वाईट माणूस नव्हता तो, हसला की छान दिसायचा. "शालिगरामभाई, तमे वासण पर नाम लखो छो. त्यारे वासणने पूछो छो, के तू कोनुं?"

भांड्यावर नाव टाकताना भांड्याला विचारता का, तू कोणाचं म्हणून? खरंच की. नसे विचारत. शालिग्रामच्या डोक्यात ते वाक्य असं काही फिट्ट बसलं की त्याला वाटलं, आपणच इतके दिवस उगाच सोवळं पाळत होतो. आता हा माणूस बावळट होता असं समजू नका. आकडा म्हणजे नाव नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बसायला पंखा होता, वरून मान होता, आणि सगळं शेड आपल्या हाताकडे बघतंय हे त्याला आवडत होतं. त्याने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत शंभर पट्ट्यांवर सदतीस टाकलं. अक्षर सुरेख आलं होतं.

 सुकदेवने डबा न उघडता मीटर फडक्यात गुंडाळलं, पिशवीत टाकलं आणि जाताना शालिग्रामजवळ थांबून म्हणाला, "मना मीटरले आते आठे काम नही, भो." पुढे त्याने डिंडोलीला रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली म्हणे. शालिग्राम काही तिकडे गेला नाही.

दिवाळीला छगनभाईंनी प्रत्येक कामगाराला एकेक दिवा दिला, प्लेट-बॅटरीसकट. शालिग्रामच्या मनात लगेच अक्का आली.

अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, धुरपदाबाई. आई गेली तेव्हा शालिग्राम तीन वर्षांचा होता आणि ती अकरा. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, इतकं की तिची एक बाजू कायमची जरा कललेली राहिली, असं तो म्हणायचा. ती कडोदऱ्याहून पलसाण्याकडे जाताना लागणाऱ्या एका चाळीत राहायची. तिचा नवरा बाबुराव साड्यांच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर क्लीनर, महिन्यातून चार दिवस घरी. चाळीमागच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये चोवीस तास लखलखाट, पण चाळीला वीज नव्हती. अक्का घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. एका साडीवर हजारभर टिकल्या, त्यातल्या अर्ध्या संध्याकाळी, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

शेडमध्ये थप्पी उभी होती. शालिग्राम तिच्यासमोर उभा राहिला. सुकदेवच्या मीटरसारखं एखादं मीटर कपाटात पडलेलं होतंच. चार प्लेटी उन्हात ठेवून त्यातली चांगली निवडायला किती वेळ लागला असता? पण मीटर लावायचं म्हणजे बाकीच्या कशा आहेत हे स्वतःशी कबूल करायचं. आपल्या बहिणीला तपासून द्यायची आणि लोकांच्या बहिणींना न तपासता, हे तो करू शकला नाही. सचोटीचा माणूस ना! त्याने डोळे मिटल्यासारखं करून सगळ्यात वरची प्लेट उचलली. मग चौकटीवर, बाजूला, आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात कोरलं: 'सौ. धुरपदाबाईस भाऊबीज. भाऊ शालिग्राम. १९९६.'

भाऊबीजेला अक्काने ओवाळलं, आणि मग त्याने बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. चाळीतली सगळी माणसं दारात गोळा झाली. अक्का प्लेटवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या मंदाने वाचून दाखवलं. मंदा जालन्याकडची, सातवी शिकलेली. तिने मागची पट्टीसुद्धा वाचली. "सदतीस वॅट. खोक्यावर लिहिलंय, सदतीसला रोज चार तास. हा आकडा पण तुम्हीच कोरला का हो, भाऊ?"

"मीच," शालिग्राम म्हणाला.

"मना भाऊनं टाकेल अक्षर शे," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्यानं टाकं म्हंजे ते खरंच ऱ्हास."

महिन्याभरात मंदाने तसलीच प्लेट घेतली. आणखी दोन घरांनी घेतली. शालिग्रामला हे समजलं तेव्हा त्याने विषय बदलला.

त्यानंतर दर रविवारी तो अक्काकडे जाऊ लागला. दिवेलागणीला पोचायचा, जेवायचा, दहाच्या सुमारास शटल रिक्षा पकडून परत. प्रत्येक रविवारी दिवा लख्ख. घड्याळात बघायचा तो, आणि मनाशी म्हणायचा, बघ, उगाच घाबरत होतास. कधी कधी अक्काला विचारायचाही, "रोज लागस ना व्यवस्थित?" आणि ती म्हणायची, "एकदम." घरी येऊन रंजनाला सांगायचा, चार तास म्हणजे चार तास. हळूहळू त्याला वाटायला लागलं की आपल्या हातात नशीब आहे, वरची प्लेट नेमकी चांगली निघाली. मग बाकीच्याही तशाच असतील.

अख्खाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात अख्खाजीला माहेरवाशीण माहेरी आणायची असते, आणि अक्काचं माहेर आता म्हणजे शालिग्रामची लिंबायतची खोली. रंजनाने सांजोऱ्या करून ठेवल्या होत्या. दरवर्षी तो आदल्या दिवशी तिला घ्यायला जायचा. या वर्षी कारखाना बंद होता म्हणून तो दोन दिवस आधी, मंगळवारीच निघाला. कळवायला फोन कुठला!

वैशाखाचं ऊन होतं, आकाशात ढगाचा ठिपका नाही. पोचला तेव्हा सूर्य मावळून गेला होता. चाळीच्या दारादारात चिमण्या लागल्या होत्या. मंदाच्या दारात, पलीकडच्या दोन दारांत, आणि अक्काच्याही. तिच्या चिमणीशेजारी अर्धी टिकल्या लावलेली हिरवी साडी पसरली होती, आणि अक्का नळावर गेली होती. वर भिंतीवर ट्यूबलाइट होती. तिला जुन्या साडीचं फडकं गुंडाळलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

मंदा दारात आली आणि दचकलीच. "भाऊ? आज तर मंगळवार ना?"

"दिवा का नाही लावला?" शालिग्रामने विचारलं.

मंदा सरळ बाई. पटकन बोलून गेली. "अक्का रविवारसाठी राखून ठेवतात ना. तुम्ही येता तेव्हा पुरायला पाहिजे. एरवी पाऊण तासात जातो तो. आमचा तर बरा, तासभर चालतो." मग तिच्या लक्षात आलं आणि ती पदर तोंडावर घेऊन आत गेली.

शालिग्राम ओट्यावर बसला. सहा महिने. सहा महिने त्याची बहीण आठवडाभर चिमणीत डोळे फोडत होती आणि सगळा उजेड रविवारी भावाच्या ताटात वाढत होती. आणि हा घड्याळ बघत होता! लाजेने त्याच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, आणि पळून जावं असं त्याला खरोखर वाटलं. शटल रिक्षा अजून मिळाली असती.

तेवढ्यात अक्का कळशी घेऊन आली. त्याला बघताच तिने कळशी तशीच टेकवली, लगबगीने फडकं काढलं आणि बटण दाबलं. खोली पांढरी झाली. "आत्तेच लावनार व्हतू," ती म्हणाली. "तू कसा काय ऊना रे? बस, बस."

तिने भाकरी टाकल्या, त्याला वाढलं, समोर बसली. गावाकडचं काहीबाही सांगू लागली. शालिग्राम मान खाली घालून चावत होता. दोनच दिवसांचा साठा होता तो. ताटातलं संपायच्या आधी ट्यूबची टोकं लाल झाली, ती थरथरली आणि गेली. चिमणी होतीच, तिच्या पिवळ्या उजेडात अक्काचा चेहरा दिसला. ती दिव्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"आज ढग व्हतात," ती म्हणाली.

वैशाखात ढग! शालिग्रामने हातातला घास ताटात ठेवला. "अक्का, माले मंदानी सांगं."

 अक्काने हात पुढे करून, लहानपणी पुसायची तसं, त्याच्या ओठाला लागलेलं भाकरीचं पीठ पुसलं. "तू मनवर नको लेऊ. मी समदासले सांगेल शे, मना भाऊले काहीच माहीत नही. त्याले त्या शेटनी फसाडं. त्यानं भोळेपने आकडा टाका."

झालं. एवढंच होतं. आता शालिग्रामने नुसतं गप्प राहायचं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. अक्काने त्याच्यासाठी दार उघडं करून ठेवलं होतं, सहा महिने ते धरून ती उभी होती. फसवला गेलेला भोळा भाऊ होऊन तो गुरुवारी तिला अख्खाजीला घेऊन गेला असता, आणि चाळीतल्या लोकांनी त्याची कीवच केली असती.

"माले माहीत व्हतं, अक्का," तो म्हणाला.

"काय माहीत व्हतं?"

"मीटर लायंच नव्हतं. कोणतीच प्लेटले नही. मी आधीच सदतीस टाकी ठेवेल व्हतं. तुनी बी तशीच उचली."

अक्काने हात मागे घेतला. चिमणीची वात जरा वर केली, उगाचच, आणि परत खाली केली. शालिग्रामला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्ही चाललं असतं. ती उठली, दारात जाऊन उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "माले सांगीसन काय व्हई? त्यासले सांग."

मग शालिग्राम चाळीच्या ओट्यावर उभा राहिला आणि त्याने सांगितलं. चार दारांतून माणसं ऐकत होती. त्याने छगनभाईचं नाव एकदाच घेतलं आणि मग घेतलं नाही. आकडा माझ्या हातचा आहे, तो खोटा आहे, टाकताना मला ठाऊक होतं, म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की कोणीतरी "मोठ्यानं" असं ओरडलं, आणि त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

 मंदा अक्काकडे वळली. "अक्का, तुम्ही माझ्याशी दोन महिने बोलत नव्हतात. मी म्हटलं होतं, तुमच्या भावाला माहीत असणार. आठवतं?"

अक्काने मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज शालिग्रामला स्वतःच्या लाजेपेक्षा जास्त झाली.

गुरुवारी ती अख्खाजीला आली नाही. "औंदा नही येत," एवढंच म्हणाली होती. रंजनाने सांजोऱ्यांचा डबा उघडला आणि विचारलं, अक्का कुठे? त्याने तिलाही सगळं सांगितलं. रंजनाने डबा बंद केला. परातीचा तो किस्सा त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

छगनभाईंकडे तो गेला. चार घरांच्या प्लेटी बदलून द्या, म्हणाला. छगनभाई हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. बघू, पुढचा माल येऊ दे, म्हणाले. शालिग्रामने मशीन पिशवीत टाकलं आणि निघाला. दारात त्याला सुकदेवची आठवण झाली. तोही असाच निघाला होता, फक्त तो वेळेवर.

मग तो डिंडोलीला गेला. सुकदेव टपरीत एका ट्रान्झिस्टरचं पोट उघडून बसला होता. शालिग्रामने सगळं सांगितलं आणि मीटर मागितलं. सुकदेवने मीटर दिलं नाही. ते तो कोणालाच देत नसे. टपरीला कुलूप लावून तो स्वतःच बरोबर आला.

रविवारी भर दुपारी त्यांनी चारही प्लेटी चाळीसमोर उन्हात मांडल्या. चाळीत वीज नाही, त्यामुळे मशीन चालणार नव्हतं. शालिग्रामने त्याची जुनी छिन्नी आणि हातोडी आणली होती, ज्यांवर तो पोरवयात शिकला होता. सुकदेवने मीटर लावलं. मंदाची एकोणीस. पुढच्या दोन, सतरा आणि एकवीस. अक्काची चौदा. सगळ्यात कमी तीच निघाली. शालिग्रामने प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणून दाखवला, सुकदेवने मान डोलवली. मग एकदा टाकलेल्या अक्षरावर दुसरं अक्षर न टाकणारा हा माणूस उकिडवा बसला, आपल्या सुरेख सदतीसवर त्याने छिन्नीने आडवी रेघ ओढली आणि खाली ठोकून ठोकून चौदा लिहिलं. ऊन इतकं होतं की अॅल्युमिनियम हाताला भाजत होतं. चाळीतली माणसं सावलीत उभी राहून बघत होती. कोणी पाणी विचारलं नाही.

चौकटीवरच्या भाऊबीजेच्या ओळीशी येऊन त्याचा हात थांबला. त्याने अक्काकडे पाहिलं. "हाई काढू?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आणि आत गेली.

सुकदेवला निरोप देऊन शालिग्राम ओट्यावरच बसून राहिला. जावं की थांबावं, कळेना. दिवेलागण झाली. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने अक्का म्हणाली, "हात धुई ले."

त्याने हात धुतले. अक्काने बटण दाबलं, ट्यूब लागली. या आठवड्यात तिने ती रोज लावली होती, जेवढी चालेल तेवढी. तिने त्याला वाढलं, हिरवी साडी मांडीवर ओढली आणि टिकल्या चिकटवू लागली.  सवयीने त्याची नजर घड्याळाकडे गेली आणि त्याने ती घाईने वळवली. त्याची दुसरी भाकरी अर्धी असताना ट्यूबची टोकं लाल झाली. दिवा गेला.

अंधारात काडेपेटीचा आवाज झाला. अक्काने त्याच्यासमोर चिमणी पेटवली, काच फडक्याने पुसून बसवली आणि साडी पुन्हा जवळ ओढून, डोळे अगदी कापडाला टेकवून, टिकली शोधू लागली. शालिग्रामचा हात ताटात तसाच राहिला होता.

"जेव," ती मान वर न करता म्हणाली. "थंडं हुई जाई."